मामा, तुझे एकोणीस कॅन

गाडीचं ऑईल बदलून झाल्यावर जुनं, काळं ऑईल कुठे जातं, हे तुम्ही कधी विचारलंय?

मामा, हा प्रश्न वाचणाऱ्यांना आहे. तुला तो विचारायचा अधिकार मी कधीच घालवलाय. पण सुरुवात अशीच करणार, कारण बाबांनी मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली तेव्हाच सांगितलं होतं, पत्रकाची पहिली ओळ प्रश्नाची, शेवटची मागणीची, आणि मधलं सगळं खरं. तू या नियमाची टिंगल करायचास. म्हणायचास, दाजी, तुमच्या घरात मीठ मागायचं तरी आधी 'जागे व्हा' म्हणावं लागतं. बाबा हसायचे नाहीत. मी तोंड फिरवून हसायचे.

तुला जाऊन बावीस दिवस झाले. जलदान विधीला डोंबिवलीच्या हॉलमध्ये सगळे बोलले. कोणी म्हणालं मनमिळाऊ, कोणी म्हणालं कष्टाळू, तुझ्या गल्लीतल्या एकाने तर तू कधीच कोणावर चिडला नाहीस असं सांगितलं. तेव्हा मामीने मान खाली घातली, बहुतेक हसू लपवायला. मला बोलायला बोलावलं तर मी माईक घेतला नाही. कंपनीच्या गेटवर, नाक्यावर, कुठेही बोलणारी भाची गप्प बसली, म्हणून लोकांना वाटलं मी फार खचलेय. खरं सांगू? मला भीती वाटत होती की माईक हातात आला की मी तुझ्याशी भांडायला लागेन. आपलं भांडण अर्धं राहिलंय. आणि हारामागे फोटोत बसलेल्या माणसाशी भांडलं की तो नुसता बघत राहतो.

तर इथे भांडते.

मला गाडी शिकायची होती तेव्हा तू चावी दिली नाहीस, फडकं दिलंस. रविवारची सकाळ होती, वर्तकनगरला आमच्या कॉलनीत तू तुझी पांढरी गाडी घेऊन आला होतास. इंजिन बंद करून पोहे खाऊन येईपर्यंत वेळ जाऊ दिलास. मग बॉनेट उघडलंस आणि पिवळ्या कडीची डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, मला ओढायला लावलीस. मी ओढली, बघितली आणि जाहीर केलं की ऑईल भरपूर आहे, वरच्या खुणेच्याही वर आहे.

"कोणी सांगितलं?" तू विचारलंस.

"पट्टीने."

"पहिल्यांदा बाहेर आलेली पट्टी खोटं बोलते, समे. गाडी चालताना ऑईल उडून तिला वरपर्यंत फासलेलं असतं. पूस. परत पूर्ण आत घाल. आता काढ. आता जे दिसेल ते धर."

दुसऱ्यांदा काढली तर ऑईल खालच्या खुणेला जेमतेम टेकलं होतं. मी ओशाळले. तू ऑईलचा थेंब माझ्या अंगठ्यावर लावून बोटाने चोळायला सांगितलंस. काळं आहे म्हणजे खराब आहे असं नसतं, म्हणालास. काळं झालं म्हणजे त्याने इंजिनातली घाण अंगावर घेतली, काम केलं. कचकच लागली तर बदलायचं. दुधाळ चहासारखं दिसलं तर मात्र घाबरायचं, म्हणजे आत पाणी शिरलंय. आणि गाडी सपाट जागी हवी. उतारावर मोजलेलं काही खरं नसतं.

हे सगळं मला पाठ होतं. गाडी चालवायला मी त्यानंतर दोन महिन्यांनी शिकले, पण पट्टी दोनदा बुडवायची हे त्या सकाळीच डोक्यात बसलं. बसलं असं मला वाटलं.

मग ते पत्रक आलं. वाचणाऱ्यांना सांगायला हवं, कारण ते आपल्या गल्लीतले नाहीत. माझा मामा सुभाष, वागळे इस्टेटमध्ये अर्ध्या गाळ्यात ब्रेक आणि क्लचचं काम करायचा. उरलेल्या अर्ध्यात रफिकभाईंचं वेल्डिंग. ऑईल बदलणं हा मामाचा धंदा नव्हता, जुन्या ओळखीच्या लोकांच्या गाड्या महिन्यातून एखाददुसरी यायची, तेवढंच. गाळ्यांच्या मागून नाला जातो आणि नाला पुढे खाडीला मिळतो. आम्ही चार-पाच जण त्या नाल्याकाठाने चाललो होतो. खाडीवर मासे पकडणाऱ्या एका म्हाताऱ्याने आम्हाला त्याचं जाळं हातात धरायला दिलं होतं. तळव्यांवर जे काळं लागलं ते साबणाने दोन दिवस निघालं नाही. मी पेटले. पेटायलाच हवं होतं, अजूनही तेच म्हणेन. घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं, गॅरेजवाल्यांनो, खाडी तुमची मोरी नाही. खाली नाल्याचा फोटो. कोणाचं नाव टाकलं नाही, कारण भांडण माणसांशी नाही, वागण्याशी आहे, हे मी बाबांकडून शिकलेय. हजार प्रती. त्यातल्या काही मी स्वतः तुझ्या गल्लीत वाटल्या. एक तुझ्या शटरखालून आत सरकवली.

फोटोत मागची भिंत होती, भिंतीला जाळी, आणि जाळीत निळ्या रंगाने रंगवलेला ऑईलचा डबा, त्यात मनीप्लांट. आख्ख्या इस्टेटमध्ये निळा डबा एकच. गल्लीने सकाळी दहा वाजता ओळखला. अकरा वाजता शेजारचा तुला म्हणाला की सुभाषभाऊ, भाचीला सांगा, पुढच्या वेळी आमच्या चहाचा रंग पण तपास म्हणावं. त्या आठवड्यात तपासणीला कोणीतरी येऊन गेलं, गल्लीतल्या सगळ्यांनी शटरं अर्धी खाली ओढली आणि त्याचं खापर तुझ्यावर फुटलं. हे मला तू सांगितलं नाहीस. मामीने आईला सांगितलं, आईने भाजी निवडता निवडता मला.

रविवारी तू घरी आलास. आईने मटण केलं होतं. तू पोटभर जेवलास, दोनदा रस्सा मागून घेतलास, हात धुतलेस आणि शर्टाच्या खिशातून पत्रक काढून टेबलावर ठेवलंस. घडीवर ऑईलचं बोट उमटलं होतं.

"फोटो झकास आलाय," तू म्हणालास. "डबा माझाच ना?"

मी म्हणाले, माझ्या लक्षात नाही आलं, मामा.

"बरं," तू म्हणालास.

मग बाबा मधे पडले, की हा तत्त्वाचा प्रश्न आहे, सुभाष. तू त्यांच्याशी कधी उलट बोलला नव्हतास, त्या दिवशी बोललास. म्हणालास, दाजी, तत्त्व बरोबर आहे, पण ते बॅरलवाल्यांना परवडतं. मोठ्या गॅरेजात बॅरल भरतो, तो न्यायला माणूस दारात येतो. पुढे तो ते स्लॅब ओतायच्या सेंट्रिंगच्या प्लेटांना फासतो की भट्टीत जाळतो, ते त्यांना कोणी विचारत नाही, कारण त्यांच्या मागे नाला दिसत नाही. माझ्याकडे महिन्याला एक कॅन. चार लिटरसुद्धा नाही. त्यासाठी कोण येतं?

आणि मग माझ्याकडे बघून ते वाक्य म्हणालास, जे मी गेलं दीड वर्ष डोक्यातून काढायला बघतेय.

"टाकू नका, ते लिहिलंस. द्या कुठे, ते कुठे लिहिलंयस?"

मी म्हणाले, पत्रकाचं काम माणसाला जागं करण्याचं असतं.

"जागं केलंस ना? मग आता चहा पण दे."

आई हसली, बाबासुद्धा मिशीत हसले, आणि मी चिडून म्हणाले की आठ दिवसांत पत्ता आणून देते. तू म्हणालास, तोवर मी साठवतो.

जुनं ऑईल उचलणाऱ्यांना मी दोन फोन केले. हे माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे. एकाने उचलला नाही. दुसरा रीतसर परवानगी असलेला होता, तो नीट बोलला, म्हणाला की पूर्ण बॅरल असेल तर येतो, कॅनसाठी गाडी काढत नाही. मी ते वहीत लिहून ठेवलं. त्याच आठवड्यात आमच्या इथली झाडं तोडायला माणसं आली, मी झाडांच्या मागे लागले. मग पाण्याच्या टँकरचं पत्रक. मग दुसरं काही. माझ्याकडे विषयांची कधी टंचाई नव्हती. आठ दिवसांचं दीड वर्ष झालं.

तू मधेमधे विचारायचास. मला तो टोमणा वाटायचा. लग्नात, बारशात, ताटावर बसलेला असताना नुसतं म्हणायचास, "सात झाले." "बारा झाले." आई विचारायची कसले बारा, तू म्हणायचास, आमचं मामा-भाचीचं आहे.

शेवटचा फोन तू जायच्या दोन आठवडे आधी केलास. "समे, एकोणीस झाले. आता गाळ्यात चहा करायला पण जागा नाही." मी म्हणाले, मामा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते. मी मीटिंगमध्ये नव्हते. घरी होते, पत्रक लिहीत होते. तू म्हणालास, "बरं."

शीळफाट्याच्या पुढे तुझी गाडी डाव्या बाजूला उभी असलेली एका रिक्षावाल्याने पाहिली. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चारही इंडिकेटर चालू. मागे ट्रक-टेम्पोंची ती रोजची रांग, पण कोणाची वाट अडली नव्हती. छातीत कळ आलेली असताना तू हे सगळं केलंस. मामी म्हणाली, कोणाच्या आड येऊन जाणाऱ्यातला नव्हताच तो. मी अजूनही त्या हँडब्रेकवर अडकते. किती सेकंद असतील तुझ्याकडे? त्यातले काही तू हँडब्रेकला दिलेस.

गाळा महिनाअखेर सोडायचाय म्हणून मामीबरोबर सामान काढायला गेले. आत भिंतीवर, पाने टांगायच्या फळीच्या वर, माझं पत्रक चिकटवलेलं. चारही कोपऱ्यांना टेप, मधे काळे डाग. रफिकभाईंनी सांगितलं की गिऱ्हाईक वाचायला लागलं की तू म्हणायचास, भाचीने छापलंय, वाचून बघा, एक अक्षर चुकत नाही तिचं. आणि फोटोतल्या डब्यावर बोट ठेवून सांगायचास की हा मी.

मग त्यांनी मला पोटमाळ्याखाली नेलं. ओळीने एकोणीस कॅन, झाकणं घट्ट, प्रत्येकावर मार्करने एकच शब्द. समता.

"दीदी, ये आपका है," रफिकभाई म्हणाले. "वो बोलते थे भांजी का माल है, कोई हाथ मत लगाना. सेंट्रिंगवाला दो बार माँगके गया. नहीं दिया."

मी तिथे उकिडवी बसले. मामा, हा टोमणा होता की भरवसा? एकोणीस वेळा माझं नाव लिहिताना तू हसत होतास की दात खात होतास? मामी म्हणते दोन्ही. रफिकभाई म्हणतात, आदमी ऐसा ही था. मला उत्तर हवंय आणि ते द्यायला तू नाहीस, याचा मला इतका राग येतो की रडू बाजूला राहतं.

म्हणून आता मधलं खरं सांगते, बाबांच्या नियमाप्रमाणे. निळा डबा मी ओळखला होता. फोटो काढतानाच ओळखला होता. तो काढून टाकता आला असता, एक कोपरा कापायचा होता. मी कापला नाही. माझ्या मनात असं होतं की नात्यातला म्हणून सोडलं तर आपण कसले? मामाला वाचवला नाही, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. घरात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून वाढलेल्या मुलीलाच असा अभिमान सुचू शकतो. लिहिलं सगळ्यांवर, फोटो छापला लहानाचा, आणि त्याला तत्त्व म्हणाले. मी पट्टी एकदाच ओढली होती. पुसून परत घातली असती तर दिसलं असतं की चार लिटरवाल्याला कोणी दारच ठेवलेलं नाही. आणि तू टेबलावर विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले, तुला ते कळलं, आणि तू "बरं" म्हणालास.

पण ऐक. तू गेलास म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. पत्रकाआधी कित्येक वर्षं तू ते नाल्यात ओतलंस. कॅनने का होईना, ओतलंस. त्या म्हाताऱ्याच्या जाळ्यावर त्यातलं काही तुझं होतं. ते मी मागे घेत नाही, आणि मागे घेतलं असतं तर तुलाच आवडलं नसतं. माझी माफी फक्त त्या कोपऱ्याची आहे. आणि आठ दिवसांची.

मामीने तुझी गाडी मला दिली. म्हणाली, विकली तर तिचा हॉर्न मला दुसऱ्याच्या दारात ऐकू येईल, तू चालव. मी ती वागळेला आणली, सपाट जागा बघून लावली, बंद करून रफिकभाईंबरोबर चहा घेतला आणि पट्टी काढली. पहिल्यांदा भरपूर दिसलं. पुसून परत घातली. खालच्या खुणेच्याही खाली, आणि बोटाला कचकच. दुसऱ्यांच्या गाड्यांना सर्व्हिसिंगच्या तारखा देणाऱ्या माणसाने स्वतःची गाडी अशी ठेवली होती. तुझं स्वतःचं पण कोणी मोजलं नाही, मामा. आम्ही सगळे तुझा चेहरा बघून भरपूर आहे म्हणत राहिलो.

ऑईल मी बदललं. गाळ्यातल्या खड्ड्यात उतरून, तुझ्या सतरा नंबरच्या पान्याने खालचा बोल्ट सोडला, काळी धार घमेल्यात पडली, पहिली मनगटावर. नवा फिल्टर पान्याने आवळायला निघाले तर वरून रफिकभाई म्हणाले, "हाथ से दीदी, हाथ से. आपका मामा गाली देता." मग त्याच्या रबरावर बोटाने ऑईल फिरवलं आणि हाताने बसवला. बोल्ट लावला, नवं ऑईल ओतलं, मिनिटभर इंजिन चालवून बंद केलं, थांबले, दोनदा मोजलं. वरच्या खुणेच्या किंचित खाली. बरोबर.

घमेल्यातलं कॅनमध्ये भरलं. विसावा. त्यावर मी तुझं नाव लिहिलं.

आणि मग मी कॅन घेऊन तशीच उभी राहिले, कारण कुठे द्यायचं ते मलाही माहीत नव्हतं. नाला दहा पावलांवर होता. पहिल्यांदा मला कळलं की ती दहा पावलं किती सोपी आहेत.

वहीतला तो नंबर काढला. तो माणूस तेच म्हणाला, पूर्ण बॅरल करा, येतो. तेव्हा मी गल्लीत निघाले, हातात कागद नाही. तुझ्यासारखे लहान गाळे त्या गल्लीत आठ-नऊ आहेत, एकेक कॅनवाले. ज्याने चहाच्या रंगाचा टोमणा मारला होता त्याने विचारलं की आज फोटो काढायला आलीस का. मी म्हणाले, कॅन मागायला आलेय. तो स्टूलवरून उठला. मग आत गेला आणि दोन घेऊन आला. म्हणाला, सुभाषभाऊसाठी देतोय, तुझ्यासाठी नाही. मी म्हणाले, चालेल.

एक रिकामा बॅरल मिळवला, तो आता तुझ्याच अर्ध्या गाळ्यात आहे, लाकडी फळ्यांवर. तुझे सगळे कॅन मी स्वतः ओतले. काल काठी घालून मोजलं, पुसली, परत घातली. बघणारे हसले. अर्ध्याच्या थोडं खाली आहे. महिना संपायला नऊ दिवस राहिलेत. नवा भाडेकरू बॅरल ठेवू देणार नाही, रफिकभाईंच्या बाजूला जागा नाही, आणि सेंट्रिंगवाला परवा पुन्हा डोकावून गेला. भरला नाही तर तुझी दीड वर्षाची साठवण कुठे जाईल, मला सांगता येत नाही. झोप नीट लागत नाही. रोज जाऊन काठी घालते.

पुढच्या गल्लीसाठी पत्रक तयार आहे. फोटो नाही. सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलंय की कुठे द्या, कोणाच्या शटरमध्ये, कोणत्या वेळेत. जागे व्हा कुठेच नाही. बाबांना वाचायला दिलं तर त्यांनी एक वेलांटी दुरुस्त केली आणि म्हणाले, सुभाषने लिहिल्यासारखं झालंय.

आता मागणी. वाचणाऱ्यांनो, ती तुमच्याकडे आहे.

पुढच्या वेळी गाडीचं ऑईल बदलायला द्याल तेव्हा चावी टाकून निघून जाऊ नका. थांबा. काळी धार पडेल ती बघा, ती मेकॅनिकची नाही, तुमची आहे. मग विचारा की हे आता कुठे जाणार. तो म्हणेल, जातं कुठेतरी. ते पहिलं उत्तर आहे, त्यावर त्याला गुन्हेगार ठरवू नका, आणि गप्पही बसू नका. पुन्हा विचारा. गाळा लहान असेल आणि न्यायला कोणी येत नसेल, तर शेजारच्या चार गाळ्यांना मिळून एक बॅरल ठेवायला सांगा, आणि तो उचलणाऱ्या माणसाला फोन तुम्ही स्वतः करा.

आठ दिवसांत करा.